आईचा मोतीबिंदू

"भातात पुन्हा खडा!" असे मी एकदा पानावरून ओरडलो. आई काहीच बोलली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, आणि तिने तो वर्षभर लपवला होता, हे मला मागाहून कळले.

लपवण्याचे कारण आमची आजी. 1974 साली तिचा मोतीबिंदू काढला, तेव्हा डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवून तिला कित्येक दिवस उताणे निजवले होते. पुढे जन्मभर नाकावर जाड भिंगांचा चष्मा! नव्या सुनेने पाहिलेले ते दृश्य आईच्या मनातून गेले नव्हते.

डॉक्टरांनी तिची समजूत घातली. युद्धात विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले, तरी डोळ्यांनी ते सोसले. हे पाहून लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी 1949 साली डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसवले. आता तर तीनएक मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून शोषून घेतात आणि घडी घातलेले नवे भिंग आत उलगडते.

सकाळी गेलेली आई दुपारी घरी आली! मग महिनाभर थेंब, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, एवढेच पथ्य.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताच ती म्हणाली, "भिंतींना रंग कधी दिलास रे?" रंग जुनाच होता, पिवळेपण तिच्या भिंगात होते. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आणि तुझे केस किती पिकले!"

वाचकहो, जेवणात खडा लागला, तर रागावण्यापूर्वी वाढणारीच्या डोळ्यांकडे एकदा पाहा.