आपल्याच चार लोकांचा दबाव

‘चार लोक काय म्हणतील’ हे आपल्याकडे ऊठसूट विचारले जाते. ते चार लोक कोण, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ‘पीअर प्रेशर’साठी ‘समवयस्कांचा दबाव’ हा शब्द रूढ झाला आणि विषय शाळा-कॉलेजांच्या आवारात जाऊन बसला. ख्रिस्ती घरांत त्याला आणखी एक कुंपण पडले: दबाव म्हणजे दारू, सिगारेट, पार्ट्या; तो ‘जगा’कडून येतो, आणि मूल मंडळीत, तरुण संघात रमले की त्यातून सुटले. या समजात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्याने खेळण्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. २४ वर्षांपुढच्यांत तसा फरक पडला नाही. पण वेगाच्या थरारात वाहून जाणे वेगळे आणि अन्याय दिसत असताना गप्प बसणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला वयाची अट नाही, आणि तिथे दबाव टाकणारी माणसे बहुधा ज्यांच्या पंक्तीला आपण बसतो तीच असतात.

यावर पौलाचे वचन हमखास पुढे केले जाते: वाईट संगतीने माणसाचे शील बिघडते अशा अर्थाचे, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातले. (ते शब्द मुळात मिनँडर या ग्रीक नाटककाराचे मानले जातात, ही गंमत वेगळीच.) हे वचन सांगताना आसपासचा मजकूर सहसा वाचला जात नाही. त्या अध्यायात पौलाचा वाद मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही असे म्हणणाऱ्यांशी आहे, आणि ते लोक करिंथच्या मंडळीतलेच आहेत. म्हणजे तिथली ‘वाईट संगत’ उपासनेला शेजारी बसणारी आहे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली हकिकत तर याहून बोलकी. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडची काही माणसे आली आणि सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने तो त्या पंक्तीतून उठला. त्याच्यामागे बर्णबासारखा माणूसही ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. दासीच्या एका प्रश्नाने गडबडून प्रभूला नाकारणारा पेत्र आपण उत्तम शुक्रवारी दरवर्षी ऐकतो. अंत्युखियाचा पेत्र त्या मानाने कमी ऐकायला मिळतो, आणि पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्या मुलखात समजावून सांगावे लागत नाही, तिथे हे जरा नवलच.

आपल्याच माणसांच्या या दबावाचे विसाव्या शतकातले उदाहरण ऑस्ट्रियातले आहे. फ्रान्झ येगरश्टेटर हा सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यावर सार्वमत झाले, तेव्हा गावात विरोधी मत त्याचे एकट्याचे होते. पुढे १९४३ साली सैन्यात बोलावल्यावर हिटलरसाठी शस्त्र धरायला त्याने नकार दिला. त्याला परावृत्त करणारे कोण होते? शेजारी, नातलग, धर्मगुरू. लिंत्सच्या बिशपांनीही, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे त्याचे काम नाही, त्याने कुटुंबाकडे पाहावे, असाच सल्ला दिला. हे सगळे कॅथलिक होते आणि बहुतेकांना त्याचे भलेच हवे होते. या दबावाची खरी ताकद त्या भल्या हेतूत होती. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: ज्याने त्याने आपल्या विवेकाचा झेंडा उभारला तर मंडळी उरणार कशी? हट्ट आणि विवेक यांतला फरक कोण ठरवणार? अचूक मोजपट्टी नाहीच, पण खुणा आहेत. येगरश्टेटरने विरोधी सल्ला टाळला नाही, तो स्वतःहून मागायला गेला. वैद्यकीय पथकात सेवा करायची तयारी दाखवली. दुसऱ्या कोणावर आपला निर्णय लादला नाही. हट्टी माणूस सहसा तडजोडीची वाट शोधत नाही. पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वकीयांचा रोष पत्करून. पण नंतर तिथल्या धर्मभगिनींनी चर्चचे म्हणणे निमूट मान्य करावे असा आग्रह धरला, तेव्हा त्याही दबावापुढे त्या वाकल्या नाहीत. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना यात रमाबाईंचा अहंकार दिसला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रमाबाई प्रश्न विचारतात, कारणे मागतात, आणि तरीही नाते तोडत नाहीत. अहंकाराला एवढी चिकाटी परवडत नाही.

आणखी एक समज सगळ्यात चिवट आहे: दबाव झुगारतो तो एकटा, पोलादी मनाचा माणूस. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या, रेघांची लांबी ताडून पाहण्याच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत, बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेघ बरोबर म्हणत असताना सुमारे ३७ टक्के उत्तरे गटामागे गेली. ‘माणूस मेंढरू आहे’ याचा पुरावा म्हणून हा आकडा सांगितला जातो. जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरे बरोबर होती, हे सांगायचे राहून जाते. आणखी दोन गोष्टी त्यात निघाल्या. विरोधात तीन जण असले की दबाव जवळजवळ पूर्ण लागू होतो, म्हणजे आपले ‘चार लोक’ही गरजेपेक्षा एकाने जास्तच. आणि खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तर चुका सुमारे एक-चतुर्थांशावर येतात. येगरश्टेटरलाही असा सोबती मिळाला, तोही मेलेला. बर्लिनच्या तुरुंगात तिथल्या धर्मगुरूने त्याला सांगितले की फ्रान्झ राइनिश या धर्मगुरूने हिटलरची शपथ नाकारून वर्षभरापूर्वीच मरण पत्करले होते. ते ऐकून त्याला मोठा धीर आला. दुसरी सोबत घरातच होती. पत्नी फ्रान्झिस्काने आधी त्याचे मन वळवू पाहिले, मग ती त्याच्या बाजूने उभी राहिली, आणि त्याच्यामागे तीन मुलींसह त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत तिने शेती सांभाळली. २००७ साली लिंत्समध्ये चर्चने फ्रान्झला ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती.