खंडणीचा विमा आणि खान्देशचा प्रवासी

अपहरण झालेल्या माणसाच्या सुटकेसाठी मोजलेली खंडणी भरून देणारा विमा लंडनच्या लॉइड्स बाजारात 1932 नंतर रुजला. त्या वर्षी अमेरिकेत विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या लहानग्या मुलाला पळवून नेले गेले. खंडणी देऊनही मूल जिवंत परतले नाही आणि श्रीमंत घरांनी धास्ती घेतली. आज हा विमा मुख्यतः जहाज कंपन्या, तेल आणि बांधकाम क्षेत्रातल्या कंपन्या, वृत्तसंस्था, मदतकार्य करणाऱ्या संस्था घेतात, कारण त्यांना धोक्याच्या मुलखात माणसे पाठवावीच लागतात. ज्याच्यासाठी हप्ता भरला जातो त्या कर्मचाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

हे मुद्दाम केलेले असते. विमा आहे असे पळवणाऱ्यांना कळले की मागणी फुगते. म्हणून गुप्तता ही पॉलिसीची अटच असते. ती मोडली तर संरक्षण रद्द होऊ शकते. खंडणीही आधी विमाधारकाने स्वतः उभी करायची असते, विमा कंपनी ती नंतर भरून देते. ऐकायला हे निष्ठुर वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. पैसा जमवायला वेळ लागतो, घासाघीस लांबते आणि रक्कम खाली येते. पहिल्याच मागणीला होकार दिला, तर समोरचा आणखी मागतो आणि पुढच्या अपहरणाचाही भाव चढतो. खरे तर या विम्यातला सर्वांत मोलाचा भाग पैसा नव्हेच. तो आहे फोन करताच मदतीला येणारा, वाटाघाटी करणारा जाणकार. ओलीस जिवंत असल्याचा पुरावा कसा मागायचा, घरातल्या कुणी फोन घ्यायचा, पहिला आकडा कोणता सांगायचा, हे तो सुचवतो. त्याची फी, वाटेत लुटली गेलेली खंडणी, ओलिसाचा पगार, सुटकेनंतरचे उपचार हे खर्चही सहसा पॉलिसीत येतात.

तरीही पैसे दिले की माणूस सुटलाच, असे नाही. सोमाली चाच्यांनी सप्टेंबर 2010 मध्ये ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पळवले. त्यावरचे 15 खलाशी भारतीय होते. एप्रिल 2011 मध्ये खंडणी पोहोचली, जहाज सुटले, पण सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतले. भारतीय नौदलाने पकडलेले आपले साथीदार त्यांना परत हवे होते. त्या सात जणांच्या सुटकेला ऑक्टोबर 2014 उजाडला. दहशतवादी संघटनांच्या बाबतीत तर वाट आणखी अरुंद होते. अशांना दिलेल्या खंडणीची भरपाई करणे ब्रिटनने 2015 मध्ये विमा कंपन्यांसाठी गुन्हा ठरवले.

खान्देशातून, म्हणजे जळगाव-धुळ्याहून, परदेशी जाणारे अनेक लोक मात्र यात्रेकरू, वैद्यकीय शिक्षणाला गेलेली मुले किंवा आखाती देशांतले कामगार असतात. त्यांच्यावर संकट येते ते रस्त्यावर, पाण्यात आणि आजारपणात. 4 जून 2024 रोजी रशियात वेलिकी नोवगोरोद इथल्या वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुले होती. त्याच वर्षी 23 ऑगस्टला नेपाळमध्ये पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. वरणगाव, तळवेल आणि भुसावळ परिसरातली 25 हून अधिक माणसे गेली. मृतदेह आणण्यासाठी हवाई दलाचे विमान पाठवावे लागले.

एरवी असे विमान मिळत नाही. परदेशातून पार्थिव आणण्याचा, रुग्णालयाचा, अतिदक्षतेच्या सोयीसह मायदेशी हलवण्याचा खर्च साध्या परदेश प्रवास विम्यात येतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, त्यामुळे तिकडे जाणारा तो घेतोच. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. साहजिकच विमा विचारणारा कुणी नसतो आणि बसचे भाडे ठरवताना तो विषयच निघत नाही. देशांतर्गत पॉलिसी सीमेपलीकडे लागू असतेच असेही नाही.

परदेश प्रवासाच्या पॉलिसीत विमान अपहरणाचे एक कलम अनेकदा असते. 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहूनच निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेले गेले, ते आठवून हे कलम दिलासा देणारे वाटते. पण ते खंडणी देत नाही. ठरावीक तासांनंतर दर दिवसामागे एक छोटी रक्कम देते, एवढेच.

आखातात मजुरीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ज्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट आहे, त्यांना ठरावीक देशांत नोकरीला जाताना प्रवासी भारतीय बिमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी 275 रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पर्यटक व्हिसावर नेणाऱ्या एजंटाच्या नादी लागलेला मुलगा मात्र या योजनेबाहेर राहतो, आणि पासपोर्ट काढून घेऊन डांबले जाण्याचा धोका नेमका त्यालाच जास्त असतो. त्याच्यासाठी उरतो तो भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आणि 2009 साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी. अडकलेल्यांचे तिकीट, तात्पुरता निवारा आणि गरजूंचे पार्थिव मायदेशी आणणे, यासाठी दूतावास हा निधी वापरू शकतात.