वॉशर टॅब्लेट वापरताय? आधी हे वाचा 🚗

गाडीच्या काचेवरची धूळ, चिखल आणि किड्यांचे डाग काढायला या टॅब्लेट खरंच उपयोगी आहेत. पण पद्धत महत्त्वाची!

✅ पाण्याचं प्रमाण पाकिटावर पाहा. ते ब्रँडनुसार बदलतं.
✅ गोळी आधी बाटलीत पूर्ण विरघळवा, मगच वॉशरच्या टाकीत ओता. अर्धवट विरघळलेले कण जाळीत किंवा नोझलमध्ये अडकतात.
✅ बोअरचं जड पाणी टाळा, क्षार साचतात. डिस्टिल्ड पाणी उत्तम.
❌ कूलंटच्या टाकीत चुकूनही नको! झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चिन्ह असेल तीच वॉशरची टाकी.
❌ साध्या टॅब्लेटचं पाणी शून्याखाली गोठतं. हिवाळ्यात मनाली-लेहकडे निघालात तर न गोठणारं वॉशर लिक्विडच भरा.
⚠️ गोळ्या रंगीत चॉकलेटसारख्या दिसतात, मुलांपासून लांब ठेवा.

पावसाळ्याआधी टाकी नक्की तपासा. काच स्वच्छ, तर प्रवास सुरक्षित!