रिओहा: पिंपाची आणि मातीची
स्पेनमधल्या रिओहाच्या जुन्या धाटणीच्या रेड वाइनचा पेला नाकाशी नेला की आधी येतो व्हॅनिलाचा वास, कधी सुक्या खोबऱ्याचा. हा वास द्राक्षाचा नव्हे, अमेरिकन ओकच्या पिंपाचा. तिथली ‘परंपरा’ म्हणून जी मिरवली जाते, ती मुळात फ्रान्समधल्या बोर्दोकडून उसनी घेतलेली.

1860 नंतर फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा झोपवल्या. तिथले व्यापारी माल शोधत स्पेनमध्ये उतरले. रिओहातल्या आरो गावात रेल्वे आली होती. स्टेशनला लागूनच वाइनरी उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया 1877 ची, कुने 1879 ची. पुढे 1899 मध्ये कीड रिओहातही पोचली, अमेरिकन खुंटावर कलमं बांधावी लागली. पण बोर्दोकडून आलेली, वाइन पिंपात मुरवायची सवय सुटली नाही. लोपेस दे एरेदिया आजही आपली पिंपं स्वतः बनवते. तळघरातली जळमटं तिथे मुद्दाम काढत नाहीत, कारण बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात.

घोळ झाला तो लेबलचा. क्रिआन्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा या पायऱ्या वाइन किती मुरली ते सांगतात. ग्रान रेसेर्वाला किमान पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. बाग कुठली, हे विचारायचं नाही. गावोगावची वाइन एकत्र मिसळली जायची. खरं तर फरक ढळढळीत आहे. रिओहाच्याच आलावेसा भागातल्या चुनखडीच्या जमिनीत टेम्प्रानियो हे द्राक्ष सुगंधी उतरतं. अख्खे घड आंबवून केलेली तिथली ताजी गावठी वाइन तर पिंपाचं तोंडही पाहत नाही. पूर्वेच्या उष्ण पट्ट्यात गार्नाचा द्राक्ष जास्त, वाइन भरदार आणि चढी. याच टेम्प्रानियोची स्पेनमधल्याच रिबेरा देल दुएरोच्या उंच पठारावर काळपट, करकरीत वाइन होते. 1982 मध्ये त्या भागाला स्वतःचं भौगोलिक मानांकन मिळालं आणि रिओहाला घरातच स्पर्धक उभा राहिला.

बाग न सांगणाऱ्या या लेबलला कंटाळून 2015 च्या अखेरीस आर्तादी ही नामांकित वाइनरी रिओहाच्या मानांकनातूनच बाहेर पडली. त्यानंतर, 2017 मध्ये, एकाच बागेच्या वाइनला तसं लेबल लावायची मुभा मिळाली. अट अशी की वेली किमान 35 वर्षांच्या हव्यात. उशीर झाला, पण बरं झालं. तरी माझा जीव ग्रान रेसेर्वातच अडकलेला. इतकी वर्षं भांडवल अडकवून वर व्याजही वाइनरीनेच सोसायचं, आणि आपल्याला आयती मुरलेली बाटली मिळायची! गिऱ्हाइकाच्या इतक्या फायद्याचा व्यवहार वाइनच्या धंद्यात फारसा सापडत नाही.