टिरेटा बाजारची पहाट

‘हाक्का नूडल्स’ अशी पाटी लावलेली हातगाडी आज महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दृष्टीस पडते. हाक्का हे पदार्थाचे नव्हे, एका चिनी समाजाचे नाव आहे आणि तो समाज कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, हे मात्र त्या गाडीभोवती उभे राहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांची जुनी वस्ती पाहावयाची, तर भल्या पहाटे उठले पाहिजे.

लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून जवळच टिरेटा बाजार आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत रस्ते व इमारती यांचा अधीक्षक असलेल्या एडवर्ड टिरेटा या इटालियन गृहस्थाचे नाव त्याला मिळाले. तेथील सन यत्‌ सेन मार्गावर सहाच्या सुमारास वाफाळणारी भांडी मांडली जातात. मांसाचे सारण भरलेले पांढरेशुभ्र वाफवलेले पाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचे सूप अशी ही न्याहारी. आठ-साडेआठ वाजले की सारे आटोपते आणि रस्ता रहदारीच्या स्वाधीन होतो.

बहुतेक पाहुणे येथूनच परत फिरतात. परंतु या भागाची खरी ओळख होते ती त्याच्या देवळांतून. या देवळांना कोलकात्यात ‘चर्च’ म्हणतात! १९०५ सालच्या सी इप चर्चमध्ये क्रूस शोधणाऱ्याची निराशाच व्हावयाची. तेथे करुणेची देवता क्वान यिन हिच्यापुढे उदबत्त्या जळत असतात. सी इप म्हणजे ‘चार जिल्हे’. क्वांगतुंग प्रांतातील त्या जिल्ह्यांतून आलेल्यांची ही वास्तू. देऊळ आणि पंचायतीची जागा, दोन्ही एकाच छपराखाली. परमुलखात उतरलेल्या नवख्या माणसाला आधार मिळे तो अशाच ठिकाणी.

या लोकांचा मूळपुरुष म्हणून तोंग अच्यू याचे नाव सांगतात. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याने बजबजजवळ जमीन मिळवून उसाची लागवड केली व साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला अच्यूवरूनच अचिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी लोक आजही तेथे दर्शनाला जातात.

पुढे आलेल्यांनी व्यवसाय वाटून घेतल्यासारखे झाले. कँटनकडील लोक सुतारकामात, हूपेकडील दंतवैद्यकात, तर हाक्का पादत्राणे व कातडी कमावणे यांत शिरले. कातड्याला हात लावणे येथल्या उच्चवर्णीयांना विटाळाचे वाटे. हाक्कांना तशी अडचण नव्हती. शहराच्या पूर्वेकडील टांगरा या दलदलीच्या भागात त्यांनी कारखाने उभारले आणि दुर्गंधीच्या शेजारी आपले संसारही थाटले.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि या लोकांकडे पाहण्याची दृष्टी एकाएकी पालटली. कित्येकांचा जन्म भारतातलाच होता. चीन त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरीसुद्धा देशभरातील सुमारे तीन हजार चिनी वंशीयांना राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत आसाम व दार्जिलिंगकडील कुटुंबे पुष्कळ होती. लहान मुले आणि वृद्धही त्यांतून सुटले नाहीत. काहींची सुटका व्हावयास तर १९६७ साल उजाडले. जे छावणीबाहेर राहिले, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध आले. ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नव्हता, त्यांना केवळ वंशावरून मिळालेली ही शिक्षा होती, असेच म्हणावे लागते. त्यानंतर स्थलांतराला जी सुरुवात झाली, ती थांबली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून टांगऱ्यातील चर्मोद्योग शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. आदेशामागील कारण रास्त होते. पण पिढीजात धंद्याचे ठाणे उठले ते उठलेच. काही कारखानदार बानतला येथे गेले, काहींनी उपाहारगृहे काढली. एके काळी हजारोंनी मोजली जाणारी कोलकात्याची चिनी वस्ती आता दोन हजारांच्या आसपास असल्याचे सांगतात. टिरेटा बाजारात पहाटे पदार्थ विकणाऱ्यांतही आता चिनी चेहरे थोडेच आढळतात.

टांगऱ्यात चिनी लोकांनी सांभाळलेले एक कालीमंदिर आहे. तेथील प्रसादात नूडल्स असतात. गेलेल्यांपैकी पुष्कळ जण कॅनडात टोरोंटोला स्थायिक झाले. तेथे त्यांनी काढलेल्या उपाहारगृहांत कोलकात्याच्या चवीचे, हिरवी मिरची घातलेले चिनी जेवण मिळते आणि तेथील लोक त्या जेवणाला ‘हाक्का’ म्हणून ओळखतात.