रिव्हेट शिकवणारं कॉलेज

रिव्हेट मारायला माणसं दोन लागतात. पत्र्याच्या एका अंगाला हवेच्या दाबावर चालणारी गन घेतलेला एक. दुसरा पलीकडे, पुष्कळदा पहिल्याला दिसणारही नाही अशा अडचणीच्या जागी, रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा टेकवून बसलेला. गन धडधडली की शेपूट ठोकळ्यावर चेपतं, पसरतं आणि दोन पत्रे एकमेकांना जखडले जातात. शेडमधल्या कल्लोळात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून पलीकडचा माणूस पत्र्यावर ठोकून कळवतो. एकदा ठोकलं तर अजून मार, दोनदा ठोकलं तर जमलं. तीनदा ठोकलं तर बिघडला, काढून टाक.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात हे सगळं रीतसर कॉलेजात शिकवलं जातं. कॉलेजचं आजचं नाव डब्ल्यूएसयू टेक. 2018पर्यंत ते विचिटा एरिया टेक्निकल कॉलेज होतं. मग विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीशी जोडलं गेलं आणि नाव बदललं. आपल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांच्या मधलं काहीतरी, असं समजायला हरकत नाही. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रापासून दोन वर्षांच्या पदविकेपर्यंत अभ्यासक्रम आहेत. विमानांशी संबंधित शिक्षणाचं केंद्र 2010मध्ये थेट विमानतळावर उघडलं, कर्नल जेम्स जबारा विमानतळावर. हे जबारा लेबनॉनी वंशाच्या कुटुंबातले, विचिटात वाढलेले. कोरियन युद्धात जेट विमानातून जेट विमानं पाडून ‘एस’ हा मान मिळवणारे ते पहिले अमेरिकन वैमानिक.

विमानं या गवताळ, वाऱ्याच्या सपाटीवर कशी आली? जमीन पाटासारखी सपाट, म्हणजे उतरायला जागा हवी तेवढी. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जवळच तेल लागलं आणि हौशी उद्योगांत पैसे घालायला तयार असलेले लोक गावात आले. 1925मध्ये क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन या तिघांनी मिळून ट्रॅव्हल एअर ही कंपनी काढली. थोड्याच वर्षांत तिघे तीन वाटांनी गेले आणि शहराला एकाच्या जागी तीन कारखाने मिळाले! स्टिअरमनची कंपनी पुढे बोइंगकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात त्याच बोइंगच्या विचिटा कारखान्यातून 1,644 बी-29 बॉम्बर बाहेर पडले. 1962मध्ये बिल लिअर आपलं छोटं जेट विमान बनवायला इथेच आला. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकलेल्या कितीतरी वैमानिकांनी पहिल्यांदा सुकाणू हातात धरलं ते सेसनाचंच, तेव्हा या गावाचं थोडं ऋण आपल्यावरही आहे.

वर्कशॉपमधला नवखा पहिल्या दिवसांत विमान जोडत नाही. तो भोकं पाडतो. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, ड्रिल काटकोनात धरायचं, भोक पाडायचं, पट्ट्या सुट्या करून काठावरचा कीस साफ करायचा, पुन्हा जोडायच्या. पट्ट्या हलू नयेत म्हणून भोकांत क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना घालतात. त्यांचा रंग भोकाच्या मापावर ठरतो, आणि एक सुताच्या भोकाला तांबडी, तांब्याच्या रंगाची पिन. सूत म्हणजे आपल्या मिस्त्रींचा इंचाचा आठवा भाग. इथलं नेहमीचं रिव्हेट याच जाडीचं. ते चेपल्यावर शेपटाचं डोकं साधारण दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच व्हायला हवं. कमी चेपलं तर पकड ढिली, जास्त चेपलं तर धातू फाटायची भीती. भोक जरा मोठं झालं तर रिव्हेट ते पुरतं भरत नाही, आणि पत्र्याला चीर जायला सुरुवात होते ती बहुधा अशाच भोकाच्या कडेपासून. काही जातीची रिव्हेटं तापवून विझवल्यावर चक्क फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण बाहेर राहिली की ती आपोआप कडक होत जातात. काढल्यावर काही मिनिटांत मारून मोकळं व्हायचं.

हे सगळं वाचून पाठ होतं. हाताला यायला मात्र शेकडो पट्ट्या भंगारात जाव्या लागतात. कारखान्यात तेवढं भंगार परवडत नाही. कॉलेजचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

विद्यार्थी मिळवायला राज्याने आणि कॉलेजने हात सैल सोडला आहे. 2012पासून कॅन्ससमध्ये हायस्कूलची मुलं तांत्रिक अभ्यासक्रम घेतात तेव्हा त्यांची फी सरकार भरतं. 2016मध्ये कॉलेजने ‘विचिटा प्रॉमिस’ ही योजना आणली. मागणी असलेल्या ठरावीक कामांसाठी निवडलेल्यांची फी माफ, आणि शिक्षण संपल्यावर कंपनीत मुलाखतीची हमी. नोकरीची नाही, मुलाखतीची. हा फरक विचिटात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण या गावाने तेजी जितकी पाहिली तितकीच मंदीही पाहिली आहे.

बोइंगने आपला इथला प्रवासी विमानांचा कारखाना 2005मध्ये विकला आणि त्यातून स्पिरिट एरोसिस्टिम्स उभी राहिली. बोइंगच्या 737 विमानाचा सांगाडा तिथे बनतो आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढून वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटनला जातो. दोन अपघातांनंतर मार्च 2019मध्ये या विमानाच्या 737 मॅक्स या नव्या जातीची उड्डाणं बंद झाली. पुढच्या जानेवारीत बोइंगने उत्पादनच थांबवलं आणि स्पिरिटने 2,800 जणांना घरी पाठवलं. त्यांना दुसरं काम शिकता यावं म्हणून कॉलेजात फीची मदत जाहीर झाली. थोड्याच आठवड्यांत कोविड आला. लिअरजेटचा शेवट तर कायमचाच झाला. शेवटचं विमान मार्च 2022मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली झालं.

मागणी परत आली तेव्हा कारखान्यांना माणसं एकदम हवी होती, आणि जुनी माणसं सगळी परत आली नव्हती. अनुभवी हात नसला की काय होतं याचा दाखला जानेवारी 2024मध्ये मिळाला. अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्सचा दाराच्या जागी बसवलेला प्लग हवेतच निखळून पडला. तपासात निघालेली हकिगत अशी: विचिटाहून आलेल्या सांगाड्यातली पाच रिव्हेटं सदोष होती. ती बदलण्यासाठी रेंटनमध्ये प्लग उघडला गेला आणि परत बसवताना चार बोल्ट राहून गेले. दारांचं काम बघणाऱ्या 24 जणांत असा प्लग आधी उघडलेला माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी रजेवर! जून 2025मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण सांगताना बोइंगने कामगारांना पुरेसं प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख दिली नाही यावर बोट ठेवलं.

खरी पंचाईत शिकवणाऱ्यांची आहे. असं काम शिकवू शकणारा माणूस कारखान्यातच तयार होतो आणि तेजीत कारखाना त्याला कॉलेजपेक्षा बरा पगार देतो. मंदीत शिक्षक मिळतात, पण तेव्हा पालक मुलांना या धंद्यापासून लांब राहायला सांगतात. हे चक्र एखाद्या योजनेने थांबेल असं वाटत नाही. फार तर त्याचा धक्का कमी बसेल.

2025च्या डिसेंबरात बोइंगने स्पिरिट परत घेतली आणि विचिटातल्या शेडवर वीस वर्षांनी पुन्हा जुनं नाव आलं. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबरात, अमेरिकी हवाई प्रशासनाने 737 मॅक्सच्या उत्पादनाची मर्यादा महिन्याला 38वरून 42 विमानांवर नेली. म्हणजे महिन्याला चार सांगाडे जास्त. ते जोडायला लागणाऱ्या नव्या माणसांपैकी पुष्कळांचं पहिलं भोक जबाराच्या धावपट्टीशेजारच्या वर्कशॉपमध्येच पडणार आहे.