पांढऱ्या कोटाआड (लेखांक ६) : नाळेचा रकाना

थकलेल्या डॉक्टरांसाठी इस्पितळं योगवर्ग भरवतात, ताणमुक्तीवर व्याख्यानं ठेवतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यात वाईट काही नाही. पण ही व्याख्यानं बहुधा ड्यूटी संपल्यावर असतात आणि आधीच उशीर झालेल्या माणसाला आणखी तासभर अडकवतात! मुळात त्याचा दिवस जातो कुठे, हे आधी बघायला हवं.

अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार शाखांमधल्या ५७ डॉक्टरांच्या कामाचा हिशेब मांडला गेला. रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकातल्या नोंदी आणि टेबलावरची कामं खात होती. वर घरी गेल्यावर रात्री एक-दोन तास तेच.

हवाई बेटांवरच्या 'हवाई पॅसिफिक हेल्थ' या संस्थेने २०१७च्या ऑक्टोबरात कर्मचाऱ्यांना सांगितलं, नोंदींमध्ये जे जे मूर्खपणाचं वाटतं ते कळवा. मोहिमेचं नावही तसंच रोखठोक होतं. मग तक्रारी येऊ लागल्या. मोठ्या मुलांची देखभाल करणाऱ्या एका नर्सला तपासणीच्या तक्त्यात 'नाळ' हा रकाना दिसत होता. तो नवजात बाळांसाठी केलेला, पण मोठ्या मुलांच्या तक्त्यातून काढायचा राहून गेलेला. तातडीच्या विभागातल्या एका डॉक्टरने विचारलं, घरी सोडताना रुग्णाला द्यायच्या सूचनांचा कागद छापायचा, त्यावर सही घ्यायची आणि तो परत स्कॅन करायचा, हे कशासाठी? कोणालाच धड कारण सांगता येईना. प्रथा बंद झाली.

सगळ्यात बोलकी गोष्ट नर्सेसच्या फेरीची. दर तासाला रुग्णाकडे जाऊन आल्याची नोंद करायला २४ सेकंद लागत. चार इस्पितळांचा हिशेब केला, तर महिन्याला सुमारे १,७०० तास! रुग्णाकडे जाणं चालूच राहिलं, नोंद तेवढी गेली.

मोहीम चालवणाऱ्या डॉ. मेलिंडा अ‍ॅश्टन यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मांडली आहे: आज मूर्खपणाचं वाटणारं प्रत्येक काम कधीतरी कोणाला तरी चांगलंच वाटलं होतं. म्हणून तर ती कामं आपोआप जात नाहीत. नवा फॉर्म आला तरी जुना कोणी रद्द करत नाही.

आपल्याकडे सगळी चर्चा तासांवर अडते. तासांचा नियम काही नवा नाही. केंद्राच्या १९९२च्या निर्देशांनुसार ज्युनिअर रेसिडेंट म्हणजे कनिष्ठ निवासी डॉक्टरचं काम सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तासांचं. सरकारी इस्पितळातल्या कोणत्याही रेसिडेंटला हा आकडा सांगून पाहा, तो हसेल. पण नुसते तास कमी करून भागणार नाही. रिपोर्ट आणायला लॅबपर्यंत पळणं, सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी कागद अपलोड करणं, डिस्चार्ज कार्डावर तोच मजकूर पुन्हा लिहिणं हे सगळं तसंच राहिलं, तर तेवढंच काम कमी वेळात कोंबलं जाईल आणि कात्री लागेल ती रुग्णाशी बोलण्याला. यातलं कोणतं काम डॉक्टरनेच करायला हवं आणि कोणतं क्लार्क किंवा वॉर्डबॉयकडे जाऊ शकतं, हे वॉर्डात उभं राहिलं की अर्ध्या दिवसात कळतं.

(पुढील आठवड्यात : ड्यूटी बदलताना रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या हाती सोपवणं)